जखम वाळवू नका हो!

"उघडी ठेव, वारं लागू दे, वाळली की झाली बरी." हे वाक्य लहानपणी ऐकलं नाही असा मराठी माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. गुडघा फुटला, कोपर सोललं, तव्याचा चटका बसला, सगळ्याला उत्तर एकच. आमच्या घरात तर त्याला वेदवाक्याचा दर्जा आहे. गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या पोटरीला बाइकच्या सायलेन्सरचा चटका बसला. (गुलमंडीवर संध्याकाळी चालून बघा, दोन्ही बाजूंनी लावलेल्या गाड्यांतून पोटऱ्या वाचवत वाट काढायची म्हणजे सर्कसच असते.) डॉक्टरांनी जखम धुतली, वर पॅराफिनची जाळी ठेवली, पट्टी बांधली आणि सांगितलं, चार दिवस उघडून बघायचं नाही.

झालं. घराण्याच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस. टूथपेस्ट, निळी शाई, हळद-तेल, कोरफड, चुना, इडलीचं पीठ (हे मी पहिल्यांदाच ऐकलं). आणि या सगळ्यांचं ज्यावर एकमत होतं ते हे, की बांधून ठेवलीय म्हणजे आता चिघळणार. "जखमेला हवा नको का?" हा प्रश्न तर चार जणांनी वेगवेगळा विचारला.

तर हे लिहितेय ते त्या चौघांसाठी आणि ज्यांनी मनातल्या मनात विचारला त्यांच्यासाठी. रागावू नका, पण वाचा. माझं म्हणणं इतकंच आहे की जखम आपण बरी करत नाही, मलमही करत नाही. कातडीतल्या पेशी करतात. त्यांना काम करायला ओलसर वाट लागते, आणि आपण मात्र प्रेमापोटी ती वाट वाळवून टाकतो.

या पेशींचं नाव केराटिनोसाइट. नावाला घाबरू नका. नखं आणि केस ज्याचे बनतात ते केराटिन नावाचं प्रथिन तयार करणारी पेशी ती केराटिनोसाइट. आपल्या कातडीच्या वरच्या थरात दहातल्या नऊ पेशी याच. सगळ्यात खाली त्या जन्मतात, हळूहळू वर सरकतात, सपाट होतात, मरतात आणि साधारण महिन्याभरात आपल्या अंगावरून झडतात. केर काढताना कोपऱ्यात जी धूळ निघते ना, त्यात आपणही थोडे असतो. एरवी या पेशी एकमेकींना आणि खालच्या थराला घट्ट आकड्यांनी धरून बसलेल्या असतात, वाड्यातल्या भिंतीच्या विटा जशा. कातडी पाणी आत येऊ देत नाही आणि आतलं बाहेर जाऊ देत नाही, ती याच घट्ट बसण्यामुळे.

आणि मग जखम होते. कडेच्या पेशींना शेजारची जागा रिकामी झाल्याचं कळतं आणि एका दिवसाच्या आत त्यांचं वागणं पार बदलतं. ज्या आकड्यांनी त्या जागेला धरून असतात ते त्या सोडून देतात. चपट्या होतात. एका बाजूनं पातळसा पाय पुढे टाकतात आणि चक्क सरपटायला लागतात. भिंतीतली वीट उठून चालू लागली तर कसं वाटेल, तसंच हे. मागच्या रांगेतल्या पेशी दुभंगून नव्या पेशी तयार करत राहतात, म्हणजे पुढच्यांच्या पाठीमागे कुमक येत राहते. दोन्ही कडांकडून निघालेल्या पेशी मधे कुठेतरी एकमेकींना भेटतात आणि भेटल्या की थांबतात. मग पुन्हा आकडे टाकून, थरावर थर चढवून भिंत बांधायला घेतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी माझ्या जुन्या कापलेल्या बोटाकडे बराच वेळ बघत बसले होते.

खरचटलेली जखम इतकी पटकन का भरते आणि खोल भाजलेली का भरत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. प्रत्येक केसाच्या मुळाजवळ एक छोटा फुगवटा असतो आणि तिथे राखीव पेशी बसलेल्या असतात. घामाच्या ग्रंथींमध्येही असतात. वरवर सोललं तर ही मुळं शाबूत राहतात, आणि कातडी फक्त कडेनं न येता जखमेच्या मधूनही, ठिकठिकाणच्या बेटांसारखी उगवते. खोल भाजलं की मुळंच जळतात. मग उरतात फक्त कडा. पाठभर जखमेला कडेकडेनं सरपटत कुठवर पुरणार? भाजण्याचं वैर या पेशींशी असतं ते असं.

बाकीची मंडळीही असतात. रक्त गोठवणाऱ्या चपट्या पेशी, घाण खाऊन साफ करणाऱ्या पांढऱ्या पेशी, खालचा पाया विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट. या फायब्रोब्लास्टपैकी काही तर स्नायूसारख्या आखडतात आणि जखमेच्या कडा आत ओढतात. रंग देणाऱ्या पेशी निवांत मागाहून येतात, म्हणून नवी कातडी आधी गुलाबी दिसते. पण एवढ्या सगळ्यांनी मिळून केलेला व्रणही मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्केच ताकदीचा होतो, त्याच्या पुढे जात नाही.

आता खपलीकडे येऊ. खपली म्हणजे वाळलेलं रक्त, वाळलेली लस आणि तिच्याबरोबर वाळून मेलेला खालच्या कातडीचाही थोडा भाग. आपल्याला ती बरं होण्याची खूण वाटते. सरपटणाऱ्या पेशींना मात्र ती वाटेत टाकलेला दगड असते. कोरड्यात त्यांना चालताच येत नाही. त्यामुळे त्यांना खपलीच्या खाली, जिथे ओल शिल्लक आहे तिथपर्यंत उतरावं लागतं आणि मधलं विरघळवत बोगदा काढावा लागतो.

हे नुसतं तर्कानं सांगितलेलं नाही. १९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्लंडमधल्या संशोधकानं 'नेचर'मध्ये एक निबंध लिहिला. डुकराची कातडी माणसाच्या कातडीशी बरीच जुळते. त्यानं लहान डुकरांच्या पाठीवर सारख्या वरवरच्या जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. पापुद्र्याखालच्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं आली. पुढच्याच वर्षी माणसांवरही तसंच दिसलं. म्हणजे या गोष्टीला साठ वर्षं उलटून गेली. आणि आम्ही अजून वारं लावतोय!

त्यात आमचं गाव. मे महिन्यात पारा बेचाळीसला टेकतो, गच्चीवर टाकलेल्या कुरडया एका दिवसात कडक होतात, धुतलेला पंचा चहा होईपर्यंत वाळतो. कोकणात उघडी जखम निदान दमट तरी राहात असेल. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ती भेगाळलेल्या शेतासारखी होते.

एक मान्य करते. आपल्या आज्या मूर्ख नव्हत्या. घरात स्वच्छ कापड नाही, नळाचं पाणी नाही, माश्या आहेत, अशा वेळी मळकी चिंधी बांधण्यापेक्षा उघडं ठेवणं शहाणपणाचंच होतं. पण तो शहाणपणा त्या परिस्थितीचा होता. आता नळाच्या साध्या वाहत्या पाण्यानं जखम धुता येते, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये निर्जंतुक पट्टी मिळते. परिस्थिती बदलली, सल्ला तसाच राहिला.

आणि ओलसर म्हणजे चिंब नव्हे. कडा पांढऱ्या फटक होऊन सुरकुतल्या तर ओल जास्त झाली. पट्टीखाली पिवळसर, पातळ, वास नसलेलं पाणी दिसलं की लगेच "पू झाला" म्हणून ओरडा होतो. ती लस असते. (जुना शब्द आहे. देवीच्या फोडातली लस टोचायचे म्हणून पुढे टोचण्यालाच लस म्हणायला लागलो.) तिच्यातच तर या पेशींना वाढायला लागणारा खुराक असतो. पू दाट असतो, वास मारतो, आजूबाजूची लाली पसरत जाते, ताप येतो. तसं असेल तर घरी काहीच करत बसू नका, डॉक्टर गाठा. गंजक्या खिळ्याचं, कुत्र्याचं, खोल घुसलेलं काही असेल तरीही. आणि भाजल्याबरोबर पहिलं काम म्हणजे वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरणं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. वीस मिनिटं घड्याळ लावून मोजा, फार मोठी वाटतात.

"आणि हळदीचं काय? हळदीचं तर अमेरिकेत सिद्ध झालंय!" हे आमच्या आत्याचं ठेवणीतलं अस्त्र. आत्या, ते असं आहे. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. अर्ज करणारे दोघेही शास्त्रज्ञ भारतीय वंशाचेच. आपल्या सीएसआयआरनं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक होते, १९९६ मध्ये त्याला आव्हान दिलं. संस्कृत, हिंदी, उर्दूतले मिळून बत्तीस जुने संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. अभिमान वाटावा अशीच लढाई होती ती. पण निकाल कशाचा लागला? ही माहिती नवी नाही, भारतात ती पूर्वीपासून आहे, एवढ्याचा. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद जखमेत भरावी असा नाही. हळदीतल्या घटकांवर प्रयोगशाळेत पुष्कळ काम चालू आहे आणि चालू राहावं. पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते, ओल शोषून घेते, आणि भाजलेल्या जागेवर तिचा लेप असला की जखम किती खोल आहे हेच डॉक्टरांना दिसत नाही. मग ती खरवडून धुवावी लागते आणि पेशंट ओरडतो. हिंगोली-वसमतची हळद जरूर खावी. भाजीत.

मामांचं लिहू की नको असा विचार करत होते. त्यांना विचारलं, ते म्हणाले, लिही, कुणाचा तरी पाय वाचेल.

मामांना पंधरा-सोळा वर्षांपासून शुगर. तळपायाला, अंगठ्याच्या खाली, नवी चप्पल लागून फोड आला. फुटला. दुखत नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. "उघडी ठेवा, वाळेल." वाळली. वर कडक कवच आलं, घरात समाधान. कवचाखाली काय चाललंय ते दिसायला दीड महिना गेला. २०१९ मध्ये दोन बोटं काढावी लागली.

इथे खलनायक नुसतं वारं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या मज्जातंतूंची जाणीव जाते. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, पांढऱ्या पेशी सुस्तावतात, फायब्रोब्लास्ट म्हातारे होऊन बसतात आणि कडेच्या पेशी कडेलाच उभ्या राहतात, पुढे पाऊलच टाकत नाहीत. न दुखणारी जखम ही चांगली बातमी नसते. वेदना जिथे असते तिथे माणूस पाय उचलतो, जपतो. मामा दीड महिना त्याच पायावर चालत होते, मंडईत जाऊन भाजी आणत होते. म्हणून शुगरवाल्याच्या पायाच्या जखमेला घरगुती सल्ला नकोच, अगदी माझाही नको. त्या दिवशीच डॉक्टर, आणि पायावर भार बंद. रोज रात्री तळवे आरशात बघा. मामी आता मामांचे बघतात.

यावर नेहमी ऐकू येतं की ही ओलसर ड्रेसिंगं महागडी, श्रीमंतांची, आपल्या खेड्यापाड्यांत कुठून आणणार? याचं उत्तर मुंबईत कधीच देऊन झालंय, आणि ते इतकं सुंदर आहे की ते शाळेच्या पुस्तकात का नाही असा मला प्रश्न पडतो. परळच्या वाडिया बालरुग्णालयातल्या डॉ. मनोहर केसवानींनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरल्या. हो, साली! त्या कापडावर ओळीनं बसवायच्या, निर्जंतुक करायच्या आणि जखमेवर ठेवायच्या. साल आतली ओल उडू देत नाही. १९८५ मध्ये त्यांनी ते 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडलं. मग सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान घेतलं. पान गुळगुळीत, मेणचट, मोठं, जखमेला न चिकटणारं. कापडी जाळीवर चिकटवायचं, गुंडाळी करून वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायचं, झालं ड्रेसिंग. २००३ मध्ये त्यांचे निबंध आले. बटाट्याच्या सालीइतकंच चांगलं, पण करायला सोपं आणि कितीतरी स्वस्त. काढताना दुखत नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. भाजलेल्या माणसाला भाजण्याइतकीच भीती ड्रेसिंग बदलण्याची असते. चिकटलेली जाळी ओढली की तिच्याबरोबर नुकत्याच आलेल्या कोवळ्या पेशीही सोलून निघतात.

(घरी केळीचं पान लावून बसू नका म्हणजे झालं. निर्जंतुक केलेलं, हा शब्द पुन्हा वाचा.)

अर्धापूरची केळी आपल्याकडे आहे, पलीकडे जळगाव आहे. निर्जंतुक करायचं यंत्र तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही असतं. वाळूज, चिकलठाण्याच्या कारखान्यांत चटके बसतात, खेड्यातून भाजलेल्या बायका घाटीत येतात. घाटी म्हणजे आमचं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मराठवाड्याचा आधार. मुंबईत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जे करून दाखवलं ते प्रत्येक नर्सिंग कॉलेजात हातानं करायला शिकवावं, असं माझं ठाम मत आहे. हळदीचं पेटंट सगळ्यांना ठाऊक, केळीच्या पानाचं ड्रेसिंग कुणालाच नाही, हे मला खटकतं. परदेशी कुणी आपलं चोरलं की आपण जागे होतो, आपल्याच माणसानं काही शोधलं तर झोपा काढतो.

मुळंच जळतात तेव्हा मात्र पानही पुरत नाही. तिथे कातडी लावावी लागते. स्वतःच्याच मांडीची पातळ साल काढून जखमेवर लावतात. मांडीवर केसांची मुळं राहिलेली असतात, त्यामुळे ती जागा दोनेक आठवड्यांत आपली आपण भरते. पण निम्मं अंग भाजलं असेल तर मांडी आणायची कुठून? १९७५ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी या केराटिनोसाइट प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. १९८३ मध्ये ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन लहान भावांना त्यांच्याच कातडीच्या टीचभर तुकड्यांतून वाढवलेली कातडी लावली आणि ते जगले. २०१७ मध्ये तर जर्मनीतल्या एका सीरियन निर्वासित मुलाची बातमी आली. त्याला कातडी गळून पडण्याचा आनुवंशिक आजार होता. जनुक दुरुस्त करून वाढवलेली कातडी त्याच्या सुमारे ८० टक्के अंगावर बसवली होती. हे वाचून डोळे भरून येतात. पण ते घाटीच्या वॉर्डात उद्या येणार नाही, हेही कळतं.

जे उद्या येऊ शकतं ते म्हणजे मेलेल्या माणसाची कातडी. ती कायमची टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांनी शरीर ती नाकारतं. पण तोवर ती जिवंत झाकणासारखी काम करते. पाणी आत राहतं, जंतू बाहेर राहतात, खालचा पाया तयार होतो आणि मांडीवरून पुन्हा साल काढायला उसंत मिळते. कित्येकदा ही उसंतच माणसाला वाचवते. सायनला २००० सालापासून स्किन बँक आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे. ग्लिसरीनमध्ये थंड ठेवलेली कातडी पाच वर्षांपर्यंत राहते. रक्तगट जुळावा लागत नाही.

डोळे द्यायला आपली माणसं आता तयार होतात. कातडी म्हटलं की अंगावर काटा येतो, आणि तो का येतो ते मला समजतं. सोलणे हा शब्दच वाईट. प्रत्यक्षात पाठ, मांड्या, पाय इथली मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश जाडीची साल घेतात. रक्त येत नाही, चेहऱ्याला हात लावत नाहीत, पट्ट्या बांधून देह घरच्यांच्या ताब्यात देतात. मृत्यू घरी झाला तरी चालतं, मात्र सहा तासांच्या आत. त्यामुळे आपल्याला जवळची स्किन बँक कुठली आणि तिचा नंबर काय, हे आधीच लिहून ठेवावं लागतं. ऐन वेळी रडारडीत कोण शोधणार?

मी हे मामांकडे बोलत होते. मामांनी विचारलं, "शुगरवाल्याची चालते का?" म्हटलं, चालते. एचआयव्ही, कावीळ बी-सी, कातडीचा कॅन्सर असं काही नसलं की झालं. ते म्हणाले, "मग माझी लिहून घे. तळपाय सोडून." मामी काही न बोलता आत गेल्या. शेवटी तो फोन त्यांनाच करायचा आहे, त्यामुळे मामांच्या होकाराला त्यांच्या होकाराशिवाय काही अर्थ नाही. मग चहा आला आणि विषय सांडग्यांवर गेला. दिवाळीत पुन्हा काढेन.